लाभ मोजायचा नाही

पोर्ट ब्लेअर
१२ फेब्रुवारी २०२५

मामा,

पत्राच्या डोक्यावर 'तीर्थरूप' लिहायचं तूच मला शिकवलंस, पण आज तेवढा धीर नाही, तेव्हा समजून घे. मी ज्वालामुखी बघायला चालले. खरा, जिवंत, धूर ओकणारा.

तुला ऐकू येत नाही म्हणून फोनवर काही सांगता येत नाही. दिपेशच्या मोबाईलवर पाठवलं तर तुझा तो लाडका लेक अर्धं वाचतो आणि उरलेलं स्वतःच्या मनाने लावून सांगतो. शिवाय परवापासून मी जहाजावर, तिथे नेटवर्क नाही. बंदरात आलो की पत्र टाकीन. मामीला सांग, पोस्टमनला पाणी विचारत जा, आता त्याच्या फेऱ्या वाढणार.

तर ऐक. इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर समुद्रात बॅरन नावाचं बेट आहे. माणूसकाणूस राहत नाही. मधोमध काळा डोंगर आणि त्याच्या तोंडातून लोट. त्या धुरात गंधकाचा वायू असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण दिवसाला किती बाहेर पडतो ते कळलं तर डोंगराच्या पोटात काय शिजतंय त्याचा अंदाज येतो. वायू एकदम वाढला, की समजायचं खालून नवा लाव्हा वर सरकतोय.

गंमत पुढेच आहे. बेटावर पाय ठेवायची परवानगी नाही, आणि असती तरी तिथे जायची हिंमत करू नये. सगळं लांबूनच मोजायचं. आपल्याला न दिसणारा उन्हाचा एक भाग हा वायू खाऊन टाकतो. माझ्याकडे एक नळी आहे, मागे डबी, डबीला संगणक. नळी आभाळाकडे रोखायची आणि जहाज धुराच्या पट्ट्याखालून या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचं. ऊन कुठे किती कमी पडलं त्यावरून वर वायू किती ते कळतं. हात न लावता, वास न घेता. हे मी करणार आहे मामा, तुझी रुची, जिला तू नाकातला शेंबूड पुसून शाळेत सोडायचास.

आता भीती कशाची ते सांगते. हाच वायू उपग्रह वरून मोजतो. त्याचा आकडा दुसऱ्या संस्थेकडून मार्चअखेर येईल. आमच्या प्रमुख मनाली मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की आपला आकडा त्याच्याशी जुळला तर पुढची तीन वर्षं जहाज आपलं, काम आपलं आणि माझी जागाही पक्की. नाही जुळला तर गाशा गुंडाळायचा. दुसरी संधी नाही.

दिपेशला नकाशात बॅरन दाखवायला सांग. आणि कनकेश्वराच्या डोंगराकडे बघून माझ्यासाठी हात जोड.

तुझी रुची

---

रेवस
२१ फेब्रुवारी २०२५

रुचे, पोरी, आशीर्वाद तर हायतच, ते दरवेळी काय लिहायचे.

पत्र पोचलं. मामीचा चष्मा मोडलाय, म्हणून तिने मला तीनदा वाचायला लावलं. मी मोठ्याने वाचतो तेव्हा मलाच ऐकू येत न्हाय, म्हणून मी मुद्दाम ओळी गाळतो असा तिचा संशय हाय. गाळली होती, एकच. बेटावर जायची हिंमत करू नये, ती. तिला कशाला घोर.

मी सातवीपर्यंतचं शुद्ध लिहितो. मध्येच आपली बोली घुसली तर मास्तरीण होऊ नकोस.

तुझं नळीचं प्रकरण समजलं. पण माझं एक अडतं. भरतीचं पाणी बांधाच्या दारातून, उघाडीतून, मिठागरात घेताना तू पाहिलंस. उघाडीची रुंदी आपल्याला माहीत, पाण्याची खोली माहीत, तरी वाफे किती वेळात भरतील ते सांगता येत न्हाय. पाणी किती जोरात येतंय ते बघावं लागतं. तसं तुझ्या नळीने वर किती वायू हाय ते कळलं, पण तो किती जोरात चालला ते कोण सांगणार? आणि वारा खाली वेगळा, वर वेगळा. सकाळी खाली मतलई समुद्राकडे वाहत असते आणि त्याच वेळी वर ढग जमिनीकडे येत असतात, हे रेवसचं शेंबडं पोर सांगेल. तुझ्या मॅडमना इचार.

मिठागरावर आता दहा-बारा वाफेच चालतात, धाकूच्या हाताखाली. मी जात न्हाय. बांधापर्यंत फिरून येतो, लांबून बघतो.

डोक्याला फडकं बांधत जा. मामीने तुला सुकट पाठवायचा घोषा लावलाय, वासामुळे पोस्टवाले घेत न्हायत म्हणून माझ्यावर रुसली हाय. मी काय पोस्टमास्तर हाय?

बुधाजी

---

पोर्ट ब्लेअर
२ मार्च २०२५

मामा, मामा, मामा,

तुझा प्रश्न मी मॅडमना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "तुझे मामा कुठल्या कॉलेजात शिकवतात?" मी म्हटलं, मिठागरात. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

खरं सांगते, तू बरोबर नस पकडलीस. या कामात सगळी माती होते ती वाऱ्यातच. जहाजाच्या डोलकाठीवर वारा मोजायचं यंत्र आहे, पण तो खालचा वारा. धूर जातो त्या उंचीवरचा वारा कळावा म्हणून फुगे सोडायचे होते. फुग्यात भरायच्या गॅसचा सिलिंडर गळका निघाला. पहिला फुगा अर्धवट फुगून डेकवरच आजारी कोंबडीसारखा बसून राहिला. मॅडम दोन दिवस सिलिंडरवाल्याच्या नावाने बोटं मोडत होत्या.

पण तो डोंगर! आधी लोट दिसतो, भक्कन, काळाकरडा, आणि दहा सेकंदांनी आवाज येतो, छातीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक. धुराखालून गेलो की पेटवलेल्या काडीचा वास. पहिल्या दिवशी मी जेवायलाच विसरले. मी जेवण विसरले, हे मामीला मुद्दाम सांग, तिला पटणार नाही.

आता खरी बातमी. परवा दुपारी मी फुग्याकडे बघत हताश उभी होते. एक लोट डोक्यावरून गेला आणि त्याची सावली डेकवरून सरकत पाण्यावर उतरली, निळ्यावर काळी, स्वच्छ कड असलेली. आणि मला तू दिसलास. बांधावर उभा, कपाळाला हात लावून, पांढऱ्या मिठावरून सरकणारी ढगाची सावली मोजणारा तू.

लोटाकडे बघून त्याची गती काढायची तर तो किती उंच आहे ते माहीत लागतं. सावलीला उंची विचारावीच लागत नाही. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण एकमेकांना समांतर येतात. लोट जेवढा सरकतो तेवढीच सावली सरकते, मग तो कितीही वर असो. हे मी पुस्तकात शिकले होते, पण पुस्तकातलं वेळेवर आठवलं नाही, तू आठवलास. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, करून बघू.

तर मला नीट लिहून पाठव. तू नक्की कसं मोजायचास? मी तेव्हा नऊ वर्षांची, मला बांधावर उभी करायचास तेवढं आठवतं. आणि एकदा तुझी सावली चुकली होती, पाऊस आधीच आला, मिठाची अख्खी रास वाहून गेली, तेही आठवतं. राग मानू नकोस, पण त्यासाठीच विचारते. यात चूक कुठे होऊ शकते?

उत्तर लवकर टाक. नऊ तारखेला पुन्हा निघतोय, सतराला परत. पत्र पोचेपर्यंत मी आठवतंय तसं सुरू करते.

रुची

---

रेवस
८ मार्च २०२५

रुचे,

तू निघायच्या आत हे पोचणार न्हाय, पण परत आल्यावर तरी वाच.

सावलीची पुढची कड बघायची, मधला गडद भाग न्हाय, तो फसवतो. वाफा वाऱ्याच्या दिशेत असेल तोच धरायचा, तिरका न्हाय. कड पहिल्या बांधाला लागली की लाभ म्हणायचं आणि मोजायला लागायचं, नाडीच्या ठोक्यावर, एकसारखं. दुसऱ्या बांधाला लागली की थांबायचं. लाभ कशाला ते तुला ठाऊकच हाय, टोपल्या मोजतानाही पहिल्या टोपलीला कोणी एक म्हणत न्हाय, लाभच म्हणतात. एका सावलीवर विश्वास ठेवायचा न्हाय.

चूक कुठे व्हते ते इचारलंस. मन दुसरीकडं असलं की व्हते. त्या दिवसाचं सोड.

बुधाजी

रुची, मी मैनामामी लिहिते. तुझ्या मामाने हे एवढंसं पत्र चार वेळा फाडून लिहिलं. का, ते सांगत नाय. तू जेवत जा.

---

पोर्ट ब्लेअर
१८ मार्च २०२५

मामा,

जमलं! बंदरात पाय ठेवला आणि तुझं पत्र हातात पडलं. बघ, मी अगदी तू सांगितलंस तसंच केलंय, न वाचता. रक्त बोलतं ते असं.

कसं केलं ते ऐक. जहाजामागे रबरी होडी सोडली, दोनशे मीटर दोरावर, बरोबर वाऱ्याच्या दिशेत. जहाज म्हणजे पहिला बांध, होडी म्हणजे दुसरा. होडीत केतन नावाचा खलाशी बसवला. कुठला असेल? करंजाचा! आपल्या समोरच्या काठाचा. त्याची आजी मिठागरावर होती, त्यामुळे त्याला काही शिकवावं लागलं नाही. सावली जहाजाच्या शेपटीला टेकली की तो वायरलेसवर 'लाभ' म्हणून हाळी देतो. आता आमचे तमिळ कप्तानसुद्धा 'लाभ, लाभ' करतात. मॅडमना वाटलं हे काहीतरी जहाजी भाषेतलं आहे.

जहाजाच्या माथ्यावर कॅमेरा लावला, तो दर पाच सेकंदांनी एक फोटो काढतो. मग रात्री बसून फोटो मोजायचे. पहिल्या फोटोत कड जहाजाच्या शेपटीला, तो लाभ. मग दोन, तीन, चार, आणि पाचव्या फोटोत कड होडीला. पाच फोटो, पाच-पाच सेकंदांचे, म्हणजे पंचवीस सेकंद. दोनशे मीटरला पंचवीस, म्हणजे वारा सेकंदाला आठ मीटर. एक नाही, एकतीस सावल्या मोजल्या मामा, आणि जवळजवळ सगळ्या पाच फोटोंच्याच.

त्याला नळीच्या आकड्याने गुणलं आणि आला, दिवसाला चारशे टन. चारशे टन वायू, जो कुणाला दिसत नाही, तो आम्ही एका सावलीने मोजला. मी डेकवर नाचले. खरंच नाचले, केतनने व्हिडिओ काढलाय, तो दिपेशला पाठवणार नाही.

अहवालाचा कच्चा मसुदा तयार आहे. त्यात एक वाक्य प्रामाणिकपणे घातलंय, की सावलीची ही पद्धत अधूनमधून चुकते, ज्यांच्याकडून घेतली त्यांचीही एकदा चुकली होती. तुझं नाव नाही लिहिलं. रागावू नकोस, खोटं कशाला लिहायचं?

उपग्रहाचा आकडा २८ तारखेला येणार. तोवर मी नखं खात बसणार.

रुची

---

रेवस
२४ मार्च २०२५

रुचे,

तुझं पत्र आता अकराला आलं. हे बाराच्या टपालात घालतो. दिपेशच्या फोनवरून झटकन गेलं असतं, पण यातलं पुढचं त्याने वाचायचं न्हाय.

तू लाभ मोजलास.

टोपल्यांमध्ये लाभ म्हणजे पहिली टोपली. ती भरलेली असते, ती धरायचीच. लाभ, दोन, तीन. पण सावलीत लाभ म्हणतो तेव्हा सावली नुसती बांधाला टेकलेली असते, एक पाऊल सरकलेली नसते. तिथं लाभ म्हणजे नुसता शुभशब्द, तो मोजायचा न्हाय. त्याच्यापुढे एक, दोन, तीन, चार. तुझे फोटो पाच, पण त्यांच्या मधल्या जागा चारच. पाच खांब रोव आणि मधली अंतरं मोज. तुझे पंचवीस सेकंद न्हायत, वीस हायत. वारा आठ न्हाय, दहा हाय. चारशेचे काय व्हतील ते तू बघ.

इथपर्यंतचं तुझ्या मॅडमना दाखव. पुढचं तुझं.

हे मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं, आणि फाडलं, चारदा. एवढं ठासून लिहिलं असतं तर तू इचारलं असतंस, लाभावर इतका जोर कशाला, मामा? मग त्या दिवसाचं सांगावं लागलं असतं.

तो मे महिना होता, तू सुट्टीला आलेलीस. कनकेश्वरावर ढग जमले होते आणि आमची रास उघडी होती, मोसमातली सगळ्यात मोठी. डोंगरापासून मिठागरापर्यंत किती वाफ्यांचं अंतर ते मला पाठ. पुढे धावणाऱ्या बारक्या ढगाची सावली एक वाफा किती मोजणीत ओलांडते ते कळलं, की मोठा ढग कधी पोचेल ते मी सांगायचो. त्या दिवशी मी राशीवर होतो, म्हणून तुला बांधावर उभी केली. तेव्हा माझे कान शाबूत होते. तू ओरडलीस, चार. चार धरले तर वेळ होता. मी सगळ्यांना शेवटच्या दोन वाफ्यांचं मीठ ओढायला पाठवलं, म्हटलं, रास मागाहून झाकू. मीठ ओढून होतंय न होतंय तोच पाऊस कोसळला. रास आमच्या डोळ्यांदेखत पाणी झाली.

संध्याकाळी तू कलिंगड खात बसलेलीस. मला म्हणालीस, "मामा, मी बरोबर मोजलं ना? लाभ, दोन, तीन, चार." तेव्हा मला कळलं. सकाळभर तू मामीबरोबर टोपल्या मोजल्या होत्यास, तसंच सावलीलाही मोजलंस. सावली तीनमध्ये गेली होती. तीन धरले असते तर मी आधी रास झाकली असती.

मी म्हटलं, बरोबर मोजलंस.

धाकूला आणि बाकीच्यांना सांगितलं, माझी मोजणी चुकली. त्या राशीत धाकूच्या घरातल्या पाच जणांचा मोसम गेला होता. त्याने मला शिवी दिली न्हाय, पण त्या दिवसापासून ढगाचं कधी इचारलं न्हाय. पोरं मला ढगमास्तर म्हणू लागली. मी हसत घेतलं. मामीलाही खरं सांगितलं न्हाय, ती आज हे वाचेल तेव्हा कळेल.

मला ढगमास्तर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण रुचे, माझ्या सावलीला तू छापील कागदावर चुकीची म्हणू नकोस. ते मला सोसत न्हाय. सावली चुकत न्हाय.

आणि रडू नकोस. तुला फरक मी तेव्हा सांगितला न्हाय, आणि एकोणीस वर्षांनी पुन्हा सांगितला न्हाय. म्हणजे दोन्ही वेळा चूक माझीच.

बुधाजी

---

पोर्ट ब्लेअर
२ एप्रिल २०२५

मामा,

रडू नकोस म्हणालास, म्हणून आधी रडून घेतलं आणि मग लिहायला बसले.

२८ तारखेला उपग्रहाचा आकडा आला. पाचशे दहा. आमचे चारशे. सव्वापटीहून जास्त फरक. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी पेट्या बांधायला लागले. केतन म्हणाला, सावली ती सावलीच, तिच्यावर काय भरवसा. मलाही तेच वाटलं, मामा. तुझी तेव्हा चुकली, माझी आता चुकली, असंच मी मनात म्हटलं. चार दिवस मी असा विचार करत होते. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही.

काल दुपारी तुझं पत्र आलं. 'तू लाभ मोजलास' एवढं वाचलं आणि मी धावत संगणकाकडे गेले. मामा, फोटोंच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती. पहिला फोटो, अकरा चौदा आणि पाच सेकंद. पाचवा, अकरा चौदा आणि पंचवीस सेकंद. वीस! एकतीसच्या एकतीस सावल्यांत तीच चूक. मी फोटो मोजून पाचने गुणत बसले आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दहा मीटरने गुणलं, आकडा आला पाचशे.

पाचशे, आणि उपग्रहाचे पाचशे दहा. मॅडमचं दार मी ठोठावलं नाही, बडवलं.

त्यांनी सगळं तपासलं आणि तरीही चेहरा पडलेलाच. म्हणाल्या, "खरं आहे गं, पण कोण मानेल? उपग्रहाचा आकडा कळल्यावर आपण आपला दुरुस्त केला, असंच म्हणतील." त्या बरोबरच बोलत होत्या.

मग मी तुझं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर पोस्टाचा शिक्का, २४ मार्च. आकडा आला २८ला. चार दिवस आधी, दोन-अडीच हजार किलोमीटर लांबून, ज्याला आकडा ठाऊक असणं शक्यच नव्हतं अशा माणसाने लिहिलं होतं की वारा दहा आहे. मॅडमनी पाकीट दोन वेळा उजेडात धरून बघितलं. मग प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, नमुन्यांसाठी ठेवतो तसल्या, आणि वर चिठ्ठी लावली. पाकिटाची आणि तुझ्या पत्राची छायाप्रत आज अहवालाला जोडून गेली. पत्राचा वरचा भागच. खालचा माझा आहे, तो मी कुणाला दिला नाही.

संध्याकाळीच होकार आला. जहाज तीन वर्षांसाठी आपलं. अहवालातलं ते वाक्य मी स्वतः खोडलं. त्या जागी लिहिलंय, रेवसच्या बुधाजी यांच्या पद्धतीत सावली टेकते त्या पहिल्या क्षणाला 'लाभ' म्हणतात आणि तो मोजत नाहीत. छापून येईल, देशोदेशीची माणसं वाचतील.

पण मामा, मला सगळ्यात आधी दुसरीकडे लिहायचं आहे. सोबत एक बंद पाकीट आहे, धाकूआजोबांसाठी. तू ते उघडायचं नाहीस. आणि 'जाऊ दे, जुनं झालं' म्हणून फळीवर टाकायचं नाहीस, मी मामीला वेगळं कार्ड टाकलंय, ती बघेल. एकोणीस वर्षं तू माझी चूक अंगावर घेऊन हिंडलास आणि मी तुझीच थट्टा करत राहिले. मी आता नऊ वर्षांची नाही. माझी आहे ती मला दे.

कलिंगडाची चव मला अजून आठवते. मी बरोबर मोजलंय असं तू म्हणालास म्हणून ते इतकं गोड लागलं होतं.

रुची

---

रेवस
११ एप्रिल २०२५

रुचे,

पाकीट मी फळीवरच टाकणार होतो. तुझ्या मामीने हात धरला. तिने मला दोन दिवस जेवणाशिवाय काही वाढलं न्हाय, म्हणजे बोलली न्हाय. एवढी वर्षं तिच्यापासून लपवलं याचा राग. तिसऱ्या दिवशी म्हणाली, चल. आणि मिठागरावर घेऊन गेली.

धाकू राशीपाशी होता. मी पाकीट दिलं आणि बाजूला उभा राहिलो. त्याने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं असावं, कारण वाफ्यातली माणसं एकेक करून वर आली. काशी आली, मनुबाई आली, टोपल्या तशाच डोक्यावर. तू काय लिहिलंस ते मला ऐकू आलं न्हाय. फक्त सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुठे बघावं ते कळेना, मी मिठाकडे बघत राहिलो.

धाकूने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मला वाटलं, झालं, आता घरी जावं. मामीही वळली.

तेवढ्यात त्याने माझ्या दंडाला धरलं आणि कनकेश्वराकडे बोट केलं. डोंगरावर ढग होता, अवकाळी, काळा. राशीवर अजून पेंढा पडायचा होता. धाकू माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा, आणि सावकाश म्हणाला, "बुधा, कधी पोचतो?"

मी कपाळाला हात लावून वर बघितलं. एक बारका ढग पुढे धावत होता, त्याची सावली पहिल्या बांधाला टेकली. मी लाभ म्हटलं. मामी सांगते, इतक्या जोरात म्हटलं की मनुबाईची टोपली खाली पडली. मग एक, दोन, तीन, चार, पाच. सहाला कड पलीकडच्या बांधाला. पुढच्या दोन सावल्याही सहालाच लागल्या. मी धाकूला सांगितलं, पाऊण तास हाय, पण राशीला आता हात लावा, वाफे राहू देत. कोणी उलट इचारलं न्हाय. सगळी लागली कामाला, मामीनेही पदर खोचला. शेवटची पेंढी टाकून दगड ठेवले आणि टपटप सुरू झाली. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झाली असतील. रास कोरडी राहिली.

आम्ही सगळे खोपटात भिजून उभे. धाकू मला काहीतरी म्हणाला. मला कळलं न्हाय. मी कानाला हात लावला, तो पुन्हा म्हणाला, मला पुन्हा कळलं न्हाय. पाऊस थांबल्यावर तो वैतागून बांधावर बसला, काटकी घेतली आणि ओल्या चिखलात लिहिलं, उद्या ये.

मला सकाळी सहाला निघायचं हाय. भरतीच्या आधी बांधावर उभं राहायला हवं. म्हणून पत्र इथंच थांबवतो. तुझ्या डोंगराला माझा राम राम सांग.

बुधाजी